‘माझा डेस्कटॉप कुठे गेला?’ : वर्कग्रुपमधून डोमेनवर जाताना

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत २२ कॉम्प्युटर आहेत आणि त्यांवर काम करणारे ३१ जण. मी खरं तर अकाउंट्सला, पण नेटची वायर सैल झाली तरी हाक मलाच मारतात. सगळे कॉम्प्युटर वर्कग्रुपमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येकाची खाती आणि पासवर्ड त्याच्या त्याच्यावरच. टॅलीचा डेटा माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर, ड्रॉइंगचा फोल्डर डिझाइनवाल्यांच्या एका कॉम्प्युटरवर. पासवर्ड बहुतेकांचा एकच आणि तो सगळ्यांना माहीत. हल्ली दुपारी ड्रॉइंगचा फोल्डर मध्येच कोणाला तरी उघडत नाही, आणखी कनेक्शन घेता येणार नाही असं म्हणतो. नव्या आलेल्या दोन कॉम्प्युटरवरून तर तो उघडतच नाही. आणि मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्या एकाचा पासवर्ड अजून सात ठिकाणी चालतो, हे परवा कळलं. हार्डवेअरवाले म्हणतात, सर्व्हर घ्या, डोमेन करून देतो, म्हणजे सगळ्यांची खाती त्या सर्व्हरवर एकाच ठिकाणी. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळं होईल. साहेब तयार आहेत. मला मात्र धडकी भरली आहे, कारण शुक्रवारी सकाळी सगळे माझ्याच टेबलाशी येणार. हे करावं का? आणि करायचं तर कसं?

उत्तर : ताई, करा. पण एका गुरुवारी नको.

तुमचे हार्डवेअरवाले खोटं बोलत नाहीत. कॉम्प्युटर डोमेनला जोडायला खरोखरच दहा मिनिटं लागतात, २२ कॉम्प्युटर एका सुट्टीच्या दिवशी आरामात जोडून होतात. पण जोडून झाल्यावर ते घरी जातील आणि शुक्रवारी सकाळी सव्वानऊला पर्चेसचा माणूस म्हणेल, ‘माझा डेस्कटॉप कुठे गेला?’ या एका प्रश्नाचं उत्तर आधी तयार असेल तर तुमचं काम फत्ते होईल. ते नसेल तर सगळ्या कंपनीला डोमेन या शब्दाचीच चीड येईल आणि महिन्याभरात साहेब ‘पहिल्यासारखं करून टाका’ म्हणतील. असं म्हणणारे साहेब मी पाहिले आहेत.

आधी तुमचे दोन त्रास बघू. विंडोज १० किंवा ११ हे टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठीचं विंडोज आहे, सर्व्हरचं नव्हे. त्यावरच्या शेअर फोल्डरशी एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणांनी जोडून घ्यावं, अशी मर्यादा त्याच्या लायसन्समध्येच आहे. दुपारी सगळे जागेवर आले की एकविसाव्याला दार बंद होतं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, तुम्ही त्याच्या मर्यादेपलीकडे वाढला आहात. नव्या कॉम्प्युटरचं कारण वेगळं. त्यांवर बहुधा विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती असणार. तिच्यात नाव-पासवर्ड न देता पाहुणा म्हणून शेअरमध्ये शिरणं मायक्रोसॉफ्टने प्रो आवृत्तीत मुळातच बंद ठेवलं आहे. तुमचा ड्रॉइंगचा फोल्डर ‘एव्हरीवन’ला मोकळा सोडलेला असावा, म्हणून जुने शिरतात आणि नवे अडतात. ही सेटिंग सैल करून देणारा कोणीतरी भेटेलच. त्याला हात लावू देऊ नका. ज्या फोल्डरात ग्राहकांची ड्रॉइंग आहेत तो पाहुण्यांना मोकळा नसावा.

आता डोमेन म्हणजे नेमकं काय, ते तुमच्याच आवारातल्या भाषेत सांगतो. वर्कग्रुप म्हणजे प्रत्येक शेडच्या दारावर वेगळा वॉचमन आणि प्रत्येकाची स्वतःची वही. एका वहीत नाव खोडलं तरी बाकीच्यांना पत्ता नसतो. सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड सात ठिकाणी चालतो तो याचमुळे, सात वह्यांत त्याचं नाव राहून गेलंय. डोमेनमध्ये मेन गेटवर एकच मस्टर असतं आणि सगळे वॉचमन त्यालाच विचारतात. तिथे एकदा नाव बंद केलं की सगळीकडे बंद. हे मस्टर सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर आणि मस्टर म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ती विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली आणि तिचा गाभा अजून तोच आहे, त्यामुळे तिच्या अडचणीही सगळ्यांना पाठ आहेत.

पाच-सहाच कॉम्प्युटर असते तर मी नको म्हणालो असतो. सगळं काम क्लाउडवर असतं तर सर्व्हर न घेता मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडीला, म्हणजे क्लाउडवरच्या अशाच मस्टरला, कॉम्प्युटर जोडायला सांगितलं असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये ३०० जणांपर्यंत ती सोय आहे. पण तुमची ड्रॉइंग जड, टॅलीचा डेटा आतल्या नेटवर्कवर आणि माणसं वाढती. तुमच्यासाठी जागेवरचा सर्व्हरच ठीक.

आता डेस्कटॉपच्या प्रश्नाकडे येतो.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्यामागे एक लांबलचक क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात. सगळ्या परवानग्या त्या क्रमांकाला चिकटलेल्या असतात. आज कॉम्प्युटरवर ‘पर्चेस’ नावाचं खातं आहे. उद्या डोमेनमध्ये तुम्ही ‘पर्चेस’ याच नावाचं खातं काढलं तरी विंडोजच्या लेखी तो नवाच माणूस. तो पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याला कोरं करकरीत प्रोफाइल बनवून देतं : रिकामा डेस्कटॉप, रिकामे डॉक्युमेंट्स, क्रोममध्ये एकही बुकमार्क नाही, आउटलुक म्हणतं खातं जोडा, प्रिंटर गायब. जुनं काहीही पुसलं गेलेलं नसतं. सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरमध्ये सगळं जिथल्या तिथे असतं. पण समोर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, आणि दहा वर्षांचं काम गेलं असं वाटून त्याचा चेहरा पांढरा पडतो. मी एकदा अशाच एका ऑफिसात हे आधी न सांगता काम केलं होतं. तिथल्या स्टोअरच्या काकांना पाण्याचा ग्लास आणून द्यावा लागला. तेव्हापासून माझा नियम झाला : लॉगिनच्या आधी माणसाला समोर बसवून सांगायचं की उद्या पडदा कोरा दिसेल, घाबरू नका, तुमचं सामान मी माझ्या हाताने आणून देणार आहे.

हे सामान हलवायचे दोन मार्ग आहेत. एक, नव्या खात्याने एकदा लॉगिन करून बाहेर पडायचं, मग ॲडमिन खात्यातून जुन्या प्रोफाइलमधला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स नव्यात कॉपी करायचे. कटाक्षाने कॉपीच करा, मूव्ह नको, म्हणजे जुनं शाबूत राहतं आणि फायलींवर जुन्या खात्याच्या परवानग्याही चिकटून येत नाहीत. दुसरा, जुनंच प्रोफाइल नव्या खात्याच्या नावावर चढवणारं टूल वापरायचं. फॉरेन्सिट कंपनीचं यूजर प्रोफाइल विझार्ड या कामासाठी बरंच वापरलं जातं. ते जागच्या जागी मालकी बदलतं, त्यामुळे वॉलपेपरसुद्धा तोच राहतो. तुमच्या जागी मी असतो तर डिझाइन आणि अकाउंट्ससाठी टूल वापरलं असतं, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरच्या असंख्य सेटिंग प्रोफाइलमध्ये दडलेल्या असतात. ज्यांचं काम एक्सेल आणि ब्राउझरवर चालतं त्यांना हाताने हलवलं असतं. टूल वापरा किंवा हाताने करा, बॅकअप आधी घ्या.

काही गोष्टी मात्र फोल्डर कॉपी करून येत नाहीत आणि नेमक्या त्यांच्यासाठीच माणसं ओरडतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. फाइल नेली तरी कुलूप उघडत नाही, आणि टूल वापरलं तरी ते उघडेलच असं धरून चालू नका. जोडण्याआधी प्रत्येकाकडून ते एक्स्पोर्ट करून घ्या आणि नव्या खात्यात आणल्यावर ती फाइल पुसायला विसरू नका, कारण तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड खरं तर ब्राउझरमध्ये नसावेतच, पण असतात.

आउटलुकमध्ये मेल पॉपने येत असेल तर फार सांभाळा. पॉपमध्ये बहुतेक वेळा मेल सर्व्हरवरून उतरवून घेतल्यावर तिथून निघून जातं, म्हणजे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या कॉम्प्युटरवरच्या एका पीएसटी फाइलमध्येच असतो. ती कधी डॉक्युमेंट्समध्ये, कधी ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते. आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्सवर गेलात की नेमका पत्ता दिसतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर हा पत्ता बघून वहीत लिहा. आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर काळजी नाही, त्यांत मेल सर्व्हरवरच राहतं आणि पुन्हा उतरतं.

आणि डिजिटल सहीचं टोकन. नव्या खात्याने लॉगिन करून टोकन लावून जीएसटी पोर्टलवर आणि कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर प्रत्यक्ष सही होते का, ते त्याच दिवशी बघा. ‘ड्रायव्हर दिसतोय’ एवढ्यावर थांबू नका.

एक सापळा नव्या लॅपटॉपचा. ते पहिल्यांदा सुरू करताना कोणीतरी स्वतःच्या खासगी मायक्रोसॉफ्ट खात्याने सेट केले असतील, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते आणि तिची रिकव्हरी की त्या खासगी खात्यात जाऊन बसलेली असते. तो माणूस सोडून गेला असेल तर ती कुठून आणणार? जोडण्याआधी प्रत्येक लॅपटॉपची ही रिकव्हरी की, तिलाच बिटलॉकर की म्हणतात, कागदावर छापून साहेबांच्या कपाटात ठेवा.

ही पाहणी हेच या प्रकल्पातलं खरं काम आहे आणि ते तुम्हीच करू शकता, बाहेरचा माणूस नाही. एक वही घ्या, प्रत्येक कॉम्प्युटरला एक पान. कोण बसतं, किती शिफ्टमध्ये, विंडोज कोणतं, मेल कुठे, टोकन आहे का, कोणता प्रिंटर, कुठल्या शेअरमधल्या फायली उघडतात, कुठलं सॉफ्टवेअर ॲडमिन असल्याशिवाय चालत नाही. एक्सेल फायलींमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरच्या नावाने लिंक दिलेल्या आहेत का, तेही विचारा. कॉम्प्युटरचं नाव बदललं किंवा फोल्डर सर्व्हरवर गेला की त्या लिंक तुटतात आणि हे महिन्याच्या एमआयएस अहवालाच्या दिवशी कळतं. पाहणीला दोन आठवडे लागू द्या.

विंडोज होम असलेले कॉम्प्युटर पाहणीत सापडतीलच. होम डोमेनला जोडलं जात नाही, प्रो लागतं. पुन्हा फॉरमॅट करायची गरज नसते, अपग्रेडचं लायसन्स घेऊन तिथल्या तिथे प्रो होतं. जे अजून विंडोज १० वर आहेत त्यांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यातले विंडोज ११ न घेणारे जुने कॉम्प्युटर डोमेनमध्ये ओढत नेण्यापेक्षा बदललेले बरे. जुन्याला एकदा आणि नव्याला पुन्हा एकदा, असं तेच काम कशाला करायचं?

डोमेन बसवल्यावर सगळ्यात जास्त तक्रारी ज्या गोष्टीमुळे येतात ती आहे डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर ‘माझा डोमेन कंट्रोलर कुठे आहे’ हे डीएनएसला विचारतो. आज तुमच्या ऑफिसात राउटर सगळ्यांना इंटरनेट कंपनीचा डीएनएस वाटत असणार. त्या बिचाऱ्याला तुमच्या आतल्या सर्व्हरचं नाव ठाऊक असायचं कारणच नाही. म्हणून डोमेन कंट्रोलरला कायमचा, न बदलणारा आयपी पत्ता द्यायचा आणि सगळ्या कॉम्प्युटरना डीएनएस म्हणून तोच द्यायचा. बाहेरच्या साइटची नावं शोधायचं काम तो सर्व्हर पुढे ढकलतो, त्याला फॉरवर्डर म्हणतात. इथे बहुतेक जण एक चूक करतात : पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा, ‘असू दे सोबतीला’ म्हणून, गूगलचा ८.८.८.८. दुसरा हा राखीव खेळाडू असतो असा समज आहे. पण पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं आणि मग बराच वेळ त्यालाच धरून बसतं. मग लॉगिनला पाच मिनिटं, कधी शेअर दिसतो कधी नाही, आणि कोणालाच कारण कळत नाही. दुसरा डीएनएस द्यायचाच तर तो दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा असावा. काम संपवून हार्डवेअरवाले निघतील तेव्हा एवढं एक तपासून घ्या, तुमचे पुढचे निम्मे त्रास वाचतील.

डोमेनचं नाव एकदा ठेवलं की बदलणं अतिशय किचकट असतं. डॉट लोकल असं टोक असलेलं नाव देण्याची जुनी पद्धत आहे, ती टाळा. ते टोक ॲपलची उपकरणं आणि काही प्रिंटर स्थानिक शोधासाठी वापरतात आणि गोंधळ होतो. तुमच्या वेबसाइटचं नाव कंपनीच्या मालकीचं आहे, त्याच्याच पुढे ‘एडी’ किंवा ‘ऑफिस’ असा तुकडा लावून आतलं नाव बनवा. वेबसाइटचं नाव जसंच्या तसं मात्र देऊ नका, नाहीतर ऑफिसातून स्वतःचीच वेबसाइट उघडेनाशी होते.

सर्व्हरचं कोटेशन मी पाहिलेलं नाही, पण त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, डोमेन कंट्रोलरवर टॅली, ड्रॉइंग, प्रिंटर सगळं एकत्र लादलेलं नसावं. मस्टर ठेवायच्या खोलीत गोडाऊन करत नाहीत. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका पूर्ण लायसन्समध्ये त्याच यंत्रावर दोन व्हर्च्युअल सर्व्हर चालवता येतात. एकात डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यात फायली आणि टॅली, असं मागा. दुसरी, प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी वेगळं लायसन्स लागतं, त्याला कॅल म्हणतात, आणि कोटेशनमध्ये ते हमखास राहून जातं. शॉपफ्लोअरच्या ज्या कॉम्प्युटरवर तीन शिफ्टचे तीन जण बसतात तिथे उपकरणाचं कॅल स्वस्त पडेल. सर्व्हरची एसेन्शियल्स ही स्वस्त आवृत्ती कॅलशिवाय मिळते, पण ती २५ जणांपर्यंतच. तुम्ही ३१ आहात, तेव्हा तिचा मोह नको. तिसरी, दुसरा डोमेन कंट्रोलर. छोट्या कंपन्या खर्चामुळे तो टाळतात आणि मला ते पटत नाही. एकुलता एक सर्व्हर बसला तर बॅकअपवरून तो उभा करेपर्यंत अख्खी कंपनी थांबते. साधं, कमी ताकदीचं दुसरं यंत्रही चालतं, फक्त त्याचं लायसन्स वेगळं धरा. बजेट अगदीच नसेल तर निदान ॲक्टिव्ह डिरेक्टरीसकट (बॅकअपमध्ये तिला ‘सिस्टिम स्टेट’ निवडावं लागतं) रोजचा बॅकअप आणि त्याची एक प्रत आवाराबाहेर, एवढं ठेवाच. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप इथे उपयोगाचा नसतो, ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्वसाधारणपणे १८० दिवसांपेक्षा जुना बॅकअप परत घेत नाही.

वीज गेली, सर्व्हर बंद, तर कोणीच लॉगिन करू शकणार नाही का, अशी शंका साहेब काढतील. तसं होत नाही. एखाद्या कॉम्प्युटरवर आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या दहा जणांची ओळख विंडोज जवळ ठेवतं, त्यामुळे त्यांना आत शिरता येतं. सर्व्हरवरच्या फायली मात्र मिळत नाहीत. म्हणून सर्व्हरबरोबर स्विच आणि राउटरही यूपीएसवर घ्या. स्विचला विसरतात.

आता किल्ल्या. डोमेनचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड, डोमेन कंट्रोलर बसवताना दिलेला दुरुस्तीचा वेगळा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड आणि वेबसाइटच्या नावाचं लॉगिन, ही चारही कागदावर लिहून सीलबंद पाकिटात साहेबांकडे राहिली पाहिजेत. वेंडर बदलला आणि ॲडमिनचा पासवर्ड फक्त त्याच्याच डोक्यात होता, अशा कंपन्यांना मी सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून उभा करून दिला आहे. त्यात कोणाचा कपटीपणा नव्हता, फक्त कोणी लिहून ठेवलं नव्हतं. वेंडरला कामासाठी त्याच्या नावाचं वेगळं ॲडमिन खातं द्या, काम संपलं की ते बंद करता येतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर जोडण्याआधी एक स्थानिक ॲडमिन खातं चालू आहे आणि त्याचा पासवर्ड माहीत आहे, हे स्वतः लॉगिन करून बघा. जोडणी बिघडली तर आत शिरायचा तोच दरवाजा उरतो. हे पासवर्ड प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळे ठेवायची आणि आपोआप बदलायची सोय, लॅप्स, २०२३ पासून विंडोजमध्येच आली आहे. वेंडरला ती चालू करायला सांगा.

तुमच्या वेंडरने एक कॉम्प्युटर तयार करून त्याच्या डिस्कच्या प्रती बाकीच्यांत टाकल्या होत्या का, तेही विचारून ठेवा. खात्यासारखाच कॉम्प्युटरचाही एक एसआयडी असतो. सिसप्रेप, म्हणजे तो नव्याने घ्यायला लावणारं विंडोजचं टूल, न वापरता केलेल्या अशा प्रतींमध्ये तो सगळीकडे एकच राहतो. इतकी वर्षं ते खपून गेलं, पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या अशा जुळ्या कॉम्प्युटरना एकमेकांच्या शेअरमध्ये शिरू देत नाहीत.

परवानग्या माणसांना देऊ नका, गटांना द्या. अकाउंट्स, डिझाइन, पर्चेस, स्टोअर असे गट काढा, फोल्डर गटाला द्या आणि माणसं गटात घाला. नवा माणूस आला की गटात टाकलं, गेला की खातं बंद. खातं लगेच डिलीट करू नका, बंद करा. डिलीट केलं की तो क्रमांक गेला, आणि पुन्हा त्याच नावाचं खातं काढलं तरी परवानग्या परत येत नाहीत.

सगळ्यांना साधे यूजर करून ॲडमिनचे हक्क काढायचे की नाही? काढायचेच. पण पहिल्याच दिवशी नाही. काही जुनी सॉफ्टवेअर स्वतःच्या प्रोग्रॅम फोल्डरात लिहीत असतात आणि हक्क गेले की हटून बसतात. त्या एका फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली की बहुतेकांचं भागतं, पण ते एकेक शोधावं लागतं. प्रिंटरचंही तसंच. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंटिंगमधली एक मोठी त्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या अपडेटपासून सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला ॲडमिन लागतो. म्हणून प्रिंटर आधी बसवून घ्या, हक्क नंतर काढा. डोमेन स्थिरावल्यावर महिन्याभराने, एका विभागापासून सुरुवात करा.

तुम्ही नेमक्या गोंधळून जाल असा एक दिवस आधीच सांगून ठेवतो. डोमेनच्या मूळ सेटिंगप्रमाणे पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो, किमान ७ अक्षरांचा आणि गुंतागुंतीचा लागतो. सगळ्यांची खाती एकाच दिवशी काढलीत तर सहा आठवड्यांनी एकाच सकाळी सगळ्यांचे पासवर्ड संपतील. हा आकडा आधी ठरवून घ्या. माझं मत विचाराल तर पासवर्ड लांब ठेवा, १२-१४ अक्षरांचं मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत, आणि तो वारंवार बदलायला लावू नका. वारंवार बदलायला लावलेला पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला सापडतो. दहा वेळा चुकला की खातं थोड्या वेळासाठी लॉक व्हावं, एवढं मात्र ठेवा. मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं.

घड्याळही विसरू नका. कॉम्प्युटर आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवण्याची प्रक्रिया अडू शकते. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली असेल तर गुरुवारच्या सुट्टीत कॉम्प्युटरचा स्विच बंद राहतो आणि शुक्रवारी घड्याळ कुठल्या कुठे जातं. अशा बॅटऱ्या पाहणीतच बदलून टाका. सर्व्हरची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरला जुळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी वेळ त्यांच्याशी जुळवायची आणि लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत. सगळे कॉम्प्युटर एका घड्याळावर आले की कोण कधी शिरलं हे सांगता येतं. तुम्ही अकाउंट्सच्या, तेव्हा हेही ठाऊक असेल की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद, सक्तीचा आहे. चार जण एकाच लॉगिनने बसत असतील तर त्या ट्रेलमधल्या नावाला काय अर्थ राहतो? विंडोजमध्ये आणि टॅलीमध्येही प्रत्येकाचं स्वतःचं खातं करायची हीच वेळ आहे.

माणसांना वाटणाऱ्या एका भीतीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती कोणी उघड बोलत नाही : ‘आता साहेब आमच्या कॉम्प्युटरमध्ये बघणार.’ डोमेनच्या ॲडमिनला जोडलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवरच्या फायली उघडता येतात, हे खरं आहे. लपवू नका. साहेबांनाच सगळ्यांसमोर सांगायला लावा की हक्क कोणाकडे आहे, तो कधी वापरला जाईल आणि कधी नाही. खासगी फोटो, घरचे कागद लोकांनी आपापल्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यावेत म्हणून आठ दिवस द्या. मुलीच्या लग्नाचे फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवणारा माणूस गुन्हेगार नसतो, त्याच्याकडे घरी कॉम्प्युटर नसतो.

तारखा तुमच्या हातात आहेत. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी. म्हणजे अकाउंट्सचे कॉम्प्युटर २१ नंतर आणि पगाराच्या आधी, त्या मधल्या दिवसांतच हलवा. पहिल्या गुरुवारी फक्त सर्व्हर, डीएनएस आणि एक कॉम्प्युटर. आठवडाभर तो एकटाच डोमेनवर चालू द्या. पुढच्या गुरुवारी तीन, मग पाच-पाच. शॉपफ्लोअरचे शेवटी. एका वेळी जितके हलवाल तितक्यांच्याच सकाळी शेजारी उभं राहणं तुम्हाला जमणार आहे, म्हणून वेंडरने घाई केली तरी आकडा वाढवू नका. वर्कग्रुपमधले आणि डोमेनमधले कॉम्प्युटर काही आठवडे सोबत सुखाने नांदतात. वर्कग्रुपमधल्याला सर्व्हरवरचा फोल्डर उघडताना नाव-पासवर्ड द्यावा लागतो, इतकंच. ड्रॉइंगचा फोल्डर मात्र सगळ्यांसाठी एकाच दिवशी सर्व्हरवर न्या आणि जुना फक्त वाचण्यापुरता करून ठेवा, नाहीतर एकाच ड्रॉइंगच्या दोन आवृत्त्या फिरतील आणि चुकीचा जॉब मशीनवर चढेल. जुनी प्रोफाइल किमान दोन महिने कोणालाही पुसू देऊ नका, डिस्क कितीही भरली तरी. कोणाला तरी सहाव्या आठवड्यात एखादी फाइल आठवतेच.

आणि तो पहिला कॉम्प्युटर तुमचा असू द्या. साहेबांचा नको, डिझाइनवाल्यांचा नको. तुमच्या टॅलीचं, टोकनचं, मेलचं काय होतं ते आठ दिवस बघा आणि जे जे अडलं ते वहीतल्या तुमच्या पानावर लिहा. दुसऱ्या गुरुवारी हार्डवेअरवाले येतील तेव्हा ते पान त्यांच्यासमोर ठेवा. त्यातलं सगळं सुटल्याशिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरला हात लावू नका.